मदत हवी आहे : घरावर माड पडलाय, काढणार कोण? (मे २०२१)

माडाखालचा
तौक्ते वादळ गेलं गुजरातला, जाताना आमच्या रांदचेकुडीवर (स्वयंपाकघरावर) माड ठेवून गेलं. कौलं फुटली, दोन वासे मोडले. अग्निशामकवाले आले, रस्त्यावरचा फणस कापला, माडाला हात न लावता गेले. पाडेली (माडावर चढून नारळ काढणारा) म्हणतो आधी त्यांना विचारा. लाइट नाही म्हणून पंप नाही, विहिरीतून कळशीने पाणी ओढतोय. पाऊस तोंडावर आलाय. माणूस कुठे मिळेल? पटकन सांगा, मोबाईल दुसऱ्याच्या गाडीत चार्ज करून लिहितोय.

रापणकार
गाव कुठलं, तालुका कुठला? अख्ख्या गोव्यात माड पडलेत.

माडाखालचा
पेडणे. यात तालुक्याचा काय संबंध?

तारवाला
अग्निशामकवाले उगाच सोडून जात नाहीत. झावळांत वायर अडकलीय का?

माडाखालचा
अडकलीय. पण लाइटच नाही, मग वायरीत काय असणार?

तारवाला
मग हे आधी सांगायचं! शेजारी कोणी जनरेटर मेन स्विच न पाडता घरच्या बोर्डाला जोडला असेल, तर करंट उलटा लाइनीत येतो. ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचला तर पलीकडे ११ हजार व्होल्ट. खांबावर चढलेला लायनमन त्यात जातो, कोयता घेऊन वर गेलेला तुमचा पाडेलीही. १९१२ या नंबरावर वीज खात्याला कळवा, लाइन बंद करून वायर सोडवली की मगच माड.

सुशेगाद६९
घाबरवू नका हो. आमचा जनरेटर आम्ही बोर्डालाच जोडतो, आजवर काही झालं नाही.

तारवाला
तुम्हाला होणार नाही. होईल ते दुसऱ्याला. जनरेटर लावला की बाहेरची लाइन तोडणारा चेंजओव्हर स्विच बसवा, नाहीतर फ्रिजची वायर सरळ जनरेटरला लावा. आणि तो खोलीत ठेवू नका, धुराने माणूस झोपेतच जातो.

फोंडेकर_काका
२००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हाही हीच बोंब. तेव्हा समुद्रात गेलेले होडीवाले परत आले नाहीत, इथे कौलांचं काय घेऊन बसलात? बाय द वे, पडलेल्या माडाच्या शेंड्यातला पांढरा गाभा काढून घ्या. कोवळा असतो, कच्चाच खातात, गोड लागतो.

माडाखालचा
काका, मी गाभ्याचं विचारलं नाही.

एकचौदा
माड हलवायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा, मोडलेले वासे फेकू नका. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज मामलेदाराकडे. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव कोणाचं?

माडाखालचा
भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं. आम्ही मुंडकार, त्याच्या जमिनीत घर करून राहणारे. तो मुंबईला असतो.

एकचौदा
म्हणजे पाडेली "त्यांना विचारा" म्हणतो ते भाटकाराला! चार उत्तरं होऊन गेल्यावर सांगताय. मुंडकार कायदा १९७५ चा आहे, घराची दुरुस्ती करायचा हक्क तुमचा. पण माड त्याचा असेल तर नुसतं फोनवर बोलू नका, व्हॉट्सअपवर लेखी होकार घ्या. मुंडकार म्हणून नोंद झालीय ना?

माडाखालचा
आजोबांच्या नावे आहे. आजोबा वारले.

एकचौदा
झालं. मामलेदाराकडे जाताना तेही कागद न्या.

पत्रेवाला
कौलांचा नाद सोडा, पत्रे घाला. एका दिवसात छप्पर तयार.

रापणकार
आणि पुढच्या वाऱ्यात पत्रा शेजारच्या अंगणात. कौल फुटलं तर एक बदलता येतं. सध्या जाड ताडपत्री टाका, कडेला रिपा ठोका, नुसते दगड ठेवू नका. दुपारी एकच्या आत बाजार गाठा, कोरोनाचा कर्फ्यू आहे.

माडाखालचा
भाटकाराचा होकार आला. वायर सोडवायला माणसं येणार म्हणून निरोप आहे. आता भाटकार म्हणतो खोड मला हवं, पावसानंतर येऊन नेतो. तोवर परसात राहू दे.

रापणकार
अजिबात नको. कुजणाऱ्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो, मग उभ्या माडांचे शेंडे खातो. त्याला सांगा, त्याचेच बाकीचे माड जातील.

फोंडेकर_काका
माड जून असेल तर त्याचेच वासे काढा. बाहेरचं लाकूड लोखंड असतं, आतला भुसा टाकून द्यायचा.

माडाखालचा
काका, खोड त्याला हवंय!

पत्रेवाला
विकणार असेल तर मला कळवा. टेम्पो आहे.