मदत हवी आहे: ओबामांकडून ट्रम्पकडे वळलेल्या गावाचं मतदान कसं वाचायचं?

नमस्कार मंडळी,

मी मिनेसोटातल्या रॉचेस्टरला राहतो. इथल्या दिवाळी अंकासाठी क्रेस्को या गावावर लेख लिहायला घेतलाय. हे गाव आमच्या दक्षिणेला, हद्द ओलांडून थोडं आत, आयोवात आहे. वस्ती चार हजारांच्या आत. चहूकडे मका-सोयाबीन, ट्रेलर बनवणारा एक कारखाना, हॉवर्ड काउंटीचं (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) मुख्य ठिकाण. हरितक्रांतीवाले नॉर्मन बोरलॉग १९१४ साली क्रेस्कोजवळच जन्मले आणि इथल्याच हायस्कुलात शिकले. खरं तर मी त्यांच्यामुळेच इकडे वळलो, पण अडकलो भलत्याच ठिकाणी.

२०१२ मध्ये हॉवर्ड काउंटीने ओबामांना वीस टक्क्यांहून जास्त फरकाने निवडलं. २०१६ मध्ये ट्रम्पना, पुन्हा वीसहून जास्त फरकाने. दोन्ही वेळा इतका मोठा फरक आणि तोही उलट दिशेने, अशी अख्ख्या अमेरिकेतली ही एकमेव काउंटी. त्यानंतर २०२० आणि २०२४ लाही तिथे ट्रम्पच जिंकले.

याबद्दल वाचायला गेलं की बहुतेक ठिकाणी तोच प्रकार: पत्रकार कॅफेत बसतो, टोपी घातलेल्या तिघांशी बोलतो आणि गावाचं मन सांगून मोकळा होतो. मला प्रश्न पडलाय तो असा, की माणसं बदलली की माणसांची मतं बदलली? म्हणजे ओबामांचे मतदार घरी बसले आणि एरवी न येणारे बाहेर पडले, की त्याच लोकांनी पक्ष बदलला? हे आकड्यांवरून कळतं का?

दुसरं, मतदानाची टक्केवारी नेमकी कशावर काढायची? आपल्याकडे छेद ठरलेला असतो, मतदार यादी. इथे एकेका ठिकाणी एकेक आकडा दिसतो. जाणकारांनी कृपया मदत करावी.

प्रतिसाद – काटेकोर

आधी दुसरा प्रश्न. भारतात यादी निवडणूक आयोग करतो, बीएलओ (बूथ पातळीवरचा अधिकारी) घरी येतो. अमेरिकेत नाव आपलं आपण नोंदवायचं. त्यामुळे नोंदलेल्या मतदारांवर काढलेली टक्केवारी सहसा फुगलेली दिसते, कारण ज्याला रसच नाही तो यादीतही नसतो. त्यात आयोवात २००८ पासून मतदानाच्या दिवशीच केंद्रावर नाव नोंदवता येतं, आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं काही वर्षं यादीत राहतात. म्हणजे छेद दोन्हीकडून हलतो. मतदानास पात्र नागरिकांवर टक्केवारी काढा. जनगणना खात्याच्या पाच वर्षांच्या सरासरी अंदाजात अठरा वर्षांवरील नागरिकांचा आकडा मिळतो. क्रेस्कोएवढ्या गावासाठी त्यातली चूक मोठी असते, म्हणून काउंटीचा घ्या.

आता पहिला. दोन्ही निवडणुकांत काउंटीत एकूण मतं साडेचार हजारांच्या घरात होती. फरक सुमारे +२१ वरून −२० वर गेला, म्हणजे ४१ टक्के, म्हणजेच अठराशेच्या वर मतं. एका माणसाने पक्ष बदलला की फरक दोन मतांनी हलतो. एक घरी बसला आणि त्याच्या जागी विरुद्ध पक्षाचा एक आला, तरी दोनानेच. तेव्हा ढोबळमानाने अशा कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या नऊशे अदलाबदली झाल्या. नुसत्या निकालावरून यापलीकडे जाता येत नाही. २०१६ ला तिसऱ्या पक्षांना जास्त मतं पडली होती, तोही गुंता आहेच.

प्रतिसाद – अबोली

पण पुढे जायला वाट आहे. कोणी कुठल्या निवडणुकीत मत दिलं (कोणाला ते नव्हे) याची नोंद आयोवाच्या मतदार यादीत असते. शिवाय पक्षनोंदणी: डेमोक्रॅटिक, रिपब्लिकन किंवा कुठलाच नाही. २०१२ ला मत न देता २०१६ ला दिलेले किती, ते मोजा. ते तीनशे निघाले तर नऊशेचा हिशेब नुसत्या नव्या माणसांवर लागत नाही, उरलेल्यांनी पक्ष बदललाच असणार. यादी राजकीय संशोधनासाठी मागता येते. लेखात कुणाचं नाव मात्र छापू नका, चार हजारांच्या गावात कोण कोण ते लगेच ओळखू येतं.

नगरपालिकेच्या निवडणुकीवरून कल काढायला जाऊ नका. ती विषम वर्षात होते, पक्षचिन्हं नसतात आणि येणारे मोजकेच.

प्रतिसाद – नाशिककर

वाचतोय. आपल्याकडे फॉर्म २० (निकालाचा अंतिम तक्ता) वरून बूथवार निकाल काढतात तसं तिकडे आहे का?

प्रतिसाद – काटेकोर

आहे. तिकडे त्याला प्रिसिंक्ट म्हणतात. फक्त गाव आणि भोवतालचा ग्रामीण भाग एकाच प्रिसिंक्टमध्ये येतो का, ते नकाशावर तपासा. नाहीतर शेतावरच्या घरांची मतं गावाच्या खात्यावर जातील.

धागाकर्ता

काटेकोर, अबोली, मनापासून आभार. नऊशेचा हिशेब लेखात घेतोच, श्रेयासकट. यादी राज्याच्या सचिव कार्यालयाकडून मागवावी की थेट काउंटी ऑडिटरकडे (काउंटीतल्या निवडणुका बघणारा अधिकारी) जावं? इतक्या जुन्या निवडणुकीत मत दिलेले, पण आता वारलेले किंवा गाव सोडून गेलेले लोक आजच्या यादीत नसतील, मग तीनशेचा आकडा कमीच दिसेल ना? २०१६ च्या सुमाराची जुनी प्रत मिळवलेलं कोणी आहे का इथे?