मदत हवी आहे: गरोदर बहिणीची सिगारेट आणि बाळाचा मेंदू

माझ्या धाकट्या बहिणीला तेरावा आठवडा चालू आहे. ती कॉलेजपासून सिगारेट ओढते. दिवस गेल्याचं कळल्यावर अख्ख्या पाकिटावरून तीन-चारवर आली, पण तिथेच अडकली आहे. सकाळी उठल्याउठल्याची आणि जेवणानंतरची काही केल्या सुटत नाही. बाळाचं वजन कमी भरतं, दिवस पूर्ण होण्याआधी बाळंतपण होऊ शकतं, हे डॉक्टरांनी तिला सांगितलंय. त्यावर तिचं म्हणणं, वजन काय, नंतर भरून निघतं.

मला घोर लागलाय तो पुढचा. सांगितलेल्या तीन गोष्टी लक्षात ठेवून क्रमाने करणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, खेळाचा नियम बदलला की जुळवून घेणं, हे मुलाला पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत बऱ्यापैकी जमायला लागतं. यालाच एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. सिगारेटमुळे नेमकं हेच बिघडेल का, ही माझी भीती. निकोटिन वारेतून थेट बाळापर्यंत पोचतं. मेंदूतल्या ज्या रिसेप्टरना (पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागांना) ते चिकटतं, ते पहिल्या तीन महिन्यांतच तयार झालेले असतात आणि पेशींची वाढ-जुळणी त्यांच्यावर अवलंबून असते. शिवाय धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट धरतो, म्हणजे बाळाला प्राणवायूही कमी पडतो. हे वाचल्यापासून मला झोप नाही.

आता खरी अडचण. बहिणीने मला भावंडांवरच्या संशोधनाची लिंक पाठवली. एकाच आईची दोन मुलं, एकाच्या वेळी ती ओढत होती, दुसऱ्याच्या वेळी नाही. अशी तुलना केली की एडीएचडीतला (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) फरक बराच कमी होतो. "म्हणजे दोष सिगारेटचा नाही, रक्ताचाच. मग मी कशाला जीव काढू?" मला उत्तर सुचलं नाही.

त्या संशोधनाचा अर्थ खरंच असा होतो का? आता सोडून बाळाला फायदा आहे का? आणि तिला न घाबरवता हे कसं सांगू? घाबरली की ती आणखी ओढते. कृपया तिला नावं ठेवू नका, ती मनापासून धडपडतेय.

प्रतिसाद १
ताई, भावंडांची तुलना हे चांगलं काम आहे, ते खोडून काढू नका. एडीएचडीचा बराच भाग आनुवंशिक आहे, हे खरंच. पण अमेरिकी सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख डॉक्टरांच्या) २०१४ च्या अहवालात दोन निष्कर्ष वेगवेगळे दिलेत. आईचं धूम्रपान आणि एडीएचडी यांबद्दल पुरावा सूचक आहे, पण पुरेसा नाही. गर्भावस्थेतल्या निकोटिनचे मेंदूच्या वाढीवर टिकाऊ वाईट परिणाम होतात, याला मात्र पुरावा पुरेसा आहे. बहिणीच्या हाती पहिलाच लागलाय. आणि हे परिणाम सरासरीत दिसतात, त्यामुळे "तुझं मूल मागे पडेल" असं कोणीही तिला सांगू नये. ते खरं नाही.

प्रतिसाद २
मी गरोदरपणातच सोडली. दोन गोष्टी मला आधी कोणी सांगितल्या नव्हत्या. या काळात शरीर निकोटिन नेहमीपेक्षा लवकर संपवतं, म्हणून तलफ जास्त येते. तिचं मन कमकुवत नाहीये, हे तिला आधी सांगा. दुसरं, सिगारेटी कमी केल्या की माणूस नकळत झुरके खोल घेतो, त्यामुळे तीन-चारवर थांबणं वाटतं तेवढं सुरक्षित नाही. पंधराव्या आठवड्याच्या आत सोडणाऱ्यांमध्ये अकाली प्रसूती आणि कमी वाढीची बाळं यांचं प्रमाण न ओढणाऱ्यांइतकंच आढळलंय. तिच्या हातात ही वेळ अजून आहे. ती टळली तरी शेवटच्या महिन्यापर्यंत केव्हाही सोडलेलं बाळाच्या कामी येतं. सकाळची सुटावी म्हणून मी उठल्याबरोबर अंघोळीला जायचे. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायचा.

मूळ प्रश्नकर्ती
तलफेचं वाचून दाखवलं तर ती रडली, आणि पहिल्यांदाच स्वतःहून म्हणाली, डॉक्टरांना विचारू. मेहुणेही घरात ओढणं बंद करणार आहेत. निकोटिनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) चालतो का? पुन्हा निकोटिनच ना ते?

प्रतिसाद १
निकोटिन आहेच, पण धूर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. नुसत्या समुपदेशनाने सुटत नसेल तर डॉक्टर निकोटिनचं च्युइंगगम किंवा पॅच देतात. पॅच दिला तर झोपताना काढायला सांगतात. सिगारेट सोडवायच्या गोळ्या गरोदरपणात सहसा देत नाहीत, त्या परस्पर घेऊ नयेत. ई-सिगारेटही नको. डॉक्टरांकडे जाताना दिवसातली पहिली सिगारेट उठल्यावर किती मिनिटांनी लागते ते लिहून न्या, त्यावरून व्यसन किती पक्कं आहे ते त्यांना कळतं.