दहापट भाड्याच्या अटीपुढे नुकसानभरपाई किती मागता येते?

प्रश्न – महालचा छापखाना

नमस्कार. नागपूरच्या महालात माझा लहानसा छापखाना आहे आणि वर्षाची निम्मी कमाई लग्नपत्रिकांच्या हंगामावर उभी असते. हंगामासाठी पुण्याहून एक जुने ऑफसेट यंत्र 2,60,000 रुपयांना घेतले, स्वतः जाऊन ट्रान्सपोर्टमध्ये बुक केले आणि 8,500 रुपये भाडे भरले. वाडीच्या गोदामात ते उतरले तेव्हा एक रोलर वाकलेला आणि बाजूची चौकट तडकलेली होती. पावतीवर तसा शेरा मारूनच मी माल सोडवला. दुरुस्तीचा अंदाज 1,40,000 रुपये निघाला आहे. ट्रान्सपोर्टवाल्याचे म्हणणे असे की जादा जोखमीचा दर भरलेला नसल्यामुळे तो भाड्याच्या दहापट, म्हणजे 85,000 रुपये, एवढेच देणे लागतो. माझा हिशेब दुरुस्तीचे 1,40,000, हातच्या गेलेल्या कामांचा नफा 3,00,000 आणि मनस्तापाचे 5,00,000, असा एकूण 9,40,000 रुपयांचा आहे. एवढा दावा लावता येईल का? बुकिंगला चार महिने होऊन गेले आहेत.

उत्तर – दिवाणी वकील, सिव्हिल लाइन्स

रकमेच्या आधी तारीख पाहा. रस्ता वाहतूक अधिनियम, 2007 च्या कलम 16 नुसार बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत वाहतूकदाराला नुकसानीची लेखी नोटीस मिळाली नसेल, तर पुढे दावाच चालत नाही. आपल्याकडे दोन महिनेही उरलेले नाहीत. फोनवरच्या बोलण्याला नोटीस म्हणत नाहीत.

दहापटीची मर्यादा ही बिल्टीच्या, म्हणजे माल बुक केल्याच्या पावतीच्या, मागे बारीक अक्षरांत छापलेली केवळ एक अट असती तर तिच्यावर वाद घालता आला असता. पण ती त्याच अधिनियमाखालील 2011 च्या नियमांमधूनच आलेली आहे, आणि जादा दर भरून पूर्ण जोखीम वाहतूकदारावर टाकण्याची सोयही कायद्यानेच दिलेली आहे. केवळ कराराने घातलेल्या मर्यादेलाही सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये मान दिला होता. तेथे कुरियरच्या पावतीवर 100 अमेरिकी डॉलरांची मर्यादा होती आणि पाठवणाऱ्याची त्यावर सही होती. आपली बाजू एका ठिकाणी मात्र भक्कम आहे. वाहतूकदाराचा निष्काळजीपणा वादीने सिद्ध करावा लागत नाही. माल ताब्यात असताना बिघडला, एवढे दाखवले की पुरे.

नफ्याचे तीन लाख मला कठीण वाटतात. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 73 खाली दिलेले एक उदाहरण जणू आपल्यासाठीच लिहिलेले आहे. गिरणी बंद आहे असे सांगून एकाने वाहतूकदाराकडे यंत्र सोपवले, त्याने विनाकारण उशीर केला आणि गिरणीवाल्याचे सरकारी कंत्राट हुकले. त्याला गिरणी बंद राहिलेल्या काळाचा सरासरी नफा मिळतो, कंत्राटाचा मिळत नाही. तो सरासरी नफाही मिळतो तो वाहतूकदाराला परिस्थिती आधी सांगितलेली होती म्हणून. शिवाय गेलेली कामे आपण दुसऱ्या छापखान्यातून करून घेऊ शकत होता का, हेही न्यायालय विचारेल. मनस्तापाबद्दल सांगायचे तर व्यापारी करार मोडल्याबद्दल मनस्तापाची भरपाई सर्वसाधारणपणे दिली जात नाही. गाझियाबाद विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये हेच म्हटले आहे.

उत्तर – कळमन्याचा अडत्या

वकीलसाहेबांनी सांगितले त्यात माझी थोडी भर. मोठा आकडा लिहिला की समोरचा घाबरतो, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. मीही मानत होतो. मालवाहतुकीचा दावा 3 लाख किंवा त्यापेक्षा जास्त रकमेचा झाला की तो व्यावसायिक न्यायालयात जातो आणि तातडीचा आदेश मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीला बसणे सक्तीचे असते. कोर्ट फीही मागितलेल्या रकमेवर लागते, मिळालेल्या रकमेवर नाही. आपल्या खऱ्या नुकसानीचा दावा मात्र साध्या दिवाणी न्यायालयात, कनिष्ठ स्तर न्यायाधीशाकडेच बसतो, कारण तेथे 5 लाखांपर्यंतचे दावे चालतात. ग्राहक आयोगाचा मार्ग कोणी सुचवेल, पण धंद्यासाठी घेतलेल्या सेवेवर तेथे पहिलाच आक्षेप येतो.

महालचा छापखाना

दोघांचेही आभार. हंगामाची निकड मी बुकिंग क्लार्कला व्हॉट्सॲपवर स्पष्ट लिहिली होती, पण तो संदेश बिल्टी तयार झाल्यानंतर दुसऱ्या दिवशीचा आहे. तो उपयोगी पडेल का? आणि ट्रान्सपोर्टवाला 85,000 आज द्यायला तयार आहे, ते घ्यावेत का?

दिवाणी वकील, सिव्हिल लाइन्स

करार होताना दोन्ही पक्षांना काय ठाऊक होते, हे कलम 73 पाहते. दुसऱ्या दिवशीच्या संदेशाने वाहतूकदाराची जबाबदारी वाढत नाही. पैसे अवश्य घ्या, मात्र पावतीवर ‘पूर्ण व अंतिम हिशेब’ असे शब्द असतील तर सही करू नका. उरलेल्या 55,000 चा हक्क राखून रक्कम स्वीकारत आहे, असे स्वतःच्या हाताने लिहा. तो हक्क न्यायालयात टिकण्याची शक्यता मला कमीच दिसते, कारण वाहतूकदाराचे किंवा त्याच्या माणसांचे गुन्हेगारी कृत्य दाखवल्याशिवाय मर्यादा ओलांडणे अवघड आहे. तरीही नोटीस याच आठवड्यात स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा आणि तिच्यात 1,40,000 रुपयेच लिहा.

महालचा छापखाना

सोमवारी पाठवतो. 9,40,000 चा मसुदा टाईप होऊन आलाच होता, तो आता बाजूला ठेवतो.