घरच्या बेंचसाठी 10 मेगाहर्ट्झचा रेफरन्स कोणता घ्यावा? ओसीएक्सओ, जीपीएसवाला की रुबिडियम?

नाशिकचा_सोल्डर

नमस्कार मंडळी, महिनाभर वाचतोय आणि जितकं वाचतो तितका गोंधळ वाढतोय म्हणून शेवटी विचारतोच. रेफरन्स म्हणजे बाकी यंत्रं ज्याच्याशी जुळवायची ते खात्रीचं घड्याळ, आणि पर्याय तीन दिसतात: भट्टीत ठेवलेला क्रिस्टल (ओसीएक्सओ), जीपीएसने जुळवलेला, किंवा रुबिडियमचं अणुघड्याळ. माझ्याकडे एक जुना सेकंडहँड फ्रिक्वेन्सी काउंटर आहे, एक नवा फंक्शन जनरेटर आहे (टाइमबेस, म्हणजे आतलं घड्याळ, 1 पीपीएमचं, दहा लाखात एक इतकी चूक; मागे 10 मेगाहर्ट्झ इन/आउटचं सॉकेट आहे) आणि एक चार चॅनेलचा स्कोप (लाट पडद्यावर दाखवणारा), त्याला बाहेरचा रेफरन्स द्यायची सोयच नाहीये. परवा जनरेटरवर बरोबर 10 मेगाहर्ट्झ लावून काउंटरला जोडलं तर सकाळी दाखवतो 10.000034 आणि दुपारी पंखा बंद, खोली तापलेली, तेव्हा 10.000021. आता यातलं खरं कोण बोलतंय हेच कळायला मार्ग नाही, कारण तिसरं काही माझ्याकडे नाहीच.

काम काय तर 40 मीटर बँडचा (7 मेगाहर्ट्झ) घरी बांधलेला हॅम रेडिओ ट्रान्सीव्हर अलाइन करायचाय, क्रिस्टल फिल्टरसाठी क्रिस्टल मॅच करायचेत आणि पुतण्याच्या घड्याळाच्या प्रोजेक्टचा 32768 हर्ट्झचा क्रिस्टल ट्रिम करायचाय. बजेट दहा-बारा हजार. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, गच्चीची किल्ली सोसायटीकडे, माझ्या वाट्याला फक्त पश्चिमेची एक खिडकी. एक दुकानदार म्हणाला रुबिडियमच घ्या, अॅटॉमिक आहे, परत बघायला नको. घेऊ का?

जुना_कॅलिब्रेशनवाला

आधी पैसे खिशात ठेवा आणि जरा हिशोब करूया. 10 मेगाहर्ट्झला 1 पीपीएम म्हणजे 10 हर्ट्झ. तुमचं घड्याळ घ्या, दिवसाला एक सेकंद चुकणं म्हणजे साधारण 11.6 पीपीएम, म्हणजे महिन्याला दोन-तीन सेकंदांच्या आत आणायचं असेल तर 1 पीपीएमच्या जवळ जायला हवं आणि मोजणारा त्याच्या दहापट चांगला हवा, म्हणजे 0.1 पीपीएम. ट्रान्सीव्हरला 7 मेगाहर्ट्झवर 10 हर्ट्झ इकडेतिकडे कुणाच्या कानाला कळत नाही. क्रिस्टल मॅचिंगला तर खरी फ्रिक्वेन्सी लागतच नाही, एकमेकांतला फरक लागतो, फक्त सगळे एकाच बैठकीत मोजा आणि हाताने धरू नका, बोटाच्या उबेनेसुद्धा क्रिस्टल सरकतो. म्हणजे तुमचं काम 0.1 पीपीएममध्ये भागतंय आणि रुबिडियम याच्या हजारपट पुढचं आहे.

दुसरी गोष्ट, यात बरेच जण फसतात. जनरेटरच्या मागच्या आउटमधून काउंटरच्या एक्स्टर्नल रेफरन्सला केबल लावली की काउंटर लगेच 10.000000 दाखवायला लागेल आणि वाटेल की सगळं जुळलं. तसं नाहीये. दोघं एकाच क्रिस्टलवर चालतायत, तो क्रिस्टल 50 हर्ट्झ चुकला तरी आकडा तोच येणार. दोन यंत्रं एकमेकांशी जुळणं वेगळं आणि खरं असणं वेगळं. जुळवून घेणंही कामाचं आहेच, पण त्या आकड्यावरून खरेपणा ठरवू नका.

माझं मत, जुना काढलेला चांगला ओसीएक्सओ घ्या. क्रिस्टल छोट्याशा भट्टीत बसवलेला असतो, 75-80 डिग्रीला कायम धरलेला, म्हणून तुमची खोली 20 असो की 40, त्याला फारसं कळत नाही. आणि जुना असणं इथे फायद्याचं, क्रिस्टलचं एजिंग सुरुवातीच्या काळात जोरात असतं, वर्षानुवर्षं चाललेला क्रिस्टल शांत झालेला असतो. मात्र बंद करू नका! बंद करून परत लावला की तो नेमका पहिल्या जागी येत नाही, त्याला रिट्रेस म्हणतात, पूर्ण बसायला कधी दोन-तीन दिवस घेतो. आमच्या लॅबमध्ये मास्टर ऑसिलेटरच्या प्लगवर लाल चिकटपट्टी असायची, झाडू मारायला येणाऱ्यालाही माहीत होतं की हा हलवायचा नाही.

क्वार्ट्झ_पुणे

काकांशी सहमत, पण ओसीएक्सओ घेतला तरी तो नेमका कुठे बसलाय हे सांगायला कुणीतरी हवं ना, आणि तिथे जीपीएस येतं. सॅटेलाइटवर अणुघड्याळं आहेत, जमिनीवरून त्यांना सतत दुरुस्त करतात, आणि साध्या मॉड्यूलच्या 1 पीपीएस पिनवर (दर सेकंदाला एक पल्स) ते सगळं तुम्हाला जवळजवळ फुकट मिळतं. गडबड एवढीच की प्रत्येक पल्स काही दहा नॅनोसेकंद पुढेमागे नाचतो. एका सेकंदात बघितलं तर वाईट, दिवसभर बघितलं तर उत्तम. ओसीएक्सओ बरोबर उलटा, सेकंदाला अगदी स्थिर पण महिन्यात हळूहळू सरकणारा. म्हणून जीपीएसडीओत (जीपीएसने सांभाळलेल्या ऑसिलेटरमध्ये) दोघांची जोडी लावतात, ओसीएक्सओ चालतो आणि जीपीएस त्याला शेकडो-हजारो सेकंदांच्या सरासरीने हळूच कोपरखळी मारतं.

एक सावधगिरी. नियो-7एम किंवा एम8 मॉड्यूलला सेटिंग करून थेट 10 मेगाहर्ट्झ काढता येतो आणि कित्येक व्हिडिओत तोच रेफरन्स म्हणून वापरतात. करू नका. आतलं घड्याळ 48 मेगाहर्ट्झचं, त्याला 10 ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून काही सायकल लांब काही आखूड करून सरासरी जमवतात. काउंटरवर आकडा छान येतो पण जनरेटरला दिलात तर स्पेक्ट्रममध्ये दोन्ही बाजूंना काटेच काटे. 8 मेगाहर्ट्झ मात्र पूर्ण भागाने निघतो, तो बराच स्वच्छ असतो, हवा तर प्रयोग करून बघा.

खिडकीचं टेन्शन घेऊ नका. टायमिंगवाला मॉड्यूल असेल, एम8टी वगैरे, तर तो आधी बराच वेळ स्वतःची जागा मोजतो, मग ती जागा पक्की धरून एका सॅटेलाइटवरसुद्धा वेळ देतो. अर्धं आकाश पुरतं. अँटेना ग्रिलच्या बाहेर काढा आणि खाली तेलाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण ठेवा, पॅच अँटेनाला खाली धातू लागतोच. मी तीन पावसाळे असाच चालवलाय, वरून फक्त प्लास्टिकची वाटी उपडी.

विदर्भ_आरएफ

रुबिडियमबद्दल मी सांगते कारण माझ्याकडे आहे, जुन्या मोबाइल टॉवरमधून निघालेला एफई-5680ए. चीज सुंदर आहे, लावल्यावर काही मिनिटांत लॉक होतो आणि तेव्हा खरंच आनंद होतो, पण दुकानदाराचं "परत बघायला नको" हे चूक आहे. सेकंदाची व्याख्या सिझियमवर आहे, 1967 पासून, 9192631770 कंपनं. छोट्या रुबिडियममध्ये काचेच्या सेलमधल्या वायूमुळे आणि दिव्याच्या प्रकाशामुळे फ्रिक्वेन्सी किंचित सरकते, म्हणून तो कुणाशी तरी जुळवावाच लागतो, आणि घरी तो "कुणीतरी" म्हणजे पुन्हा जीपीएसच! शिवाय दिवा झिजतो, आणि वापरलेल्या युनिटमध्ये किती आयुष्य उरलंय ते बाहेरून कळत नाही. माझ्या पहिल्याने सात महिन्यांत लॉक सोडला, विकणाऱ्याने हात वर केले, पैसे गेले.

आणि उष्णता. 15 व्होल्टवर सुरुवातीला दीड-पावणेदोन अँपिअर ओढतो, खाली जाड अॅल्युमिनियमची प्लेट नसेल तर हात लावता येत नाही. आमच्याकडे मे महिन्यात 45 डिग्री, तेव्हा मी पंखा लावूनसुद्धा बंदच ठेवते. चोवीस तास चालवायचा तर दिव्याचं आयुष्य जातं, बंद ठेवायचा तर दर वेळी थांबा. ज्याला जीपीएस अजिबात मिळत नाही किंवा लॉकनंतर लगेच अचूकता हवी, त्याच्यासाठी ठीक.

पुढेमागे क्यूओ-100 हा हॅम रेडिओचा उपग्रह ऐकायचा विचार असेल तर मात्र आत्ताच चांगलं घ्या. तो 10489 मेगाहर्ट्झवर उतरतो, तिथे 1 पीपीएम म्हणजे साडेदहा किलोहर्ट्झ, एसएसबीचा (हॅमच्या बोलण्याच्या मोडचा) आवाज सापडतच नाही. डिशच्या एलएनबीमधला (सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीला आणणाऱ्या डब्यातला) 25 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल 390 पट होऊन 9750 बनतो, म्हणजे त्याची चूकही 390 पट. मी तो काढून बाहेरून रेफरन्स दिलाय आणि आता सिग्नल दिवसभर एका जागी उभा असतो.

नाशिकचा_सोल्डर

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. रुबिडियम रद्द. 5 व्होल्टचा जुना ओसीएक्सओ आणि एक एम8टी घेऊ म्हणतो. पण पूर्ण जीपीएसडीओचा लूप (आपोआप जुळवणारी साखळी), डीएसी, मायक्रोकंट्रोलर हे सगळं आत्ताच झेपेल असं वाटत नाही. नुसतं हाताने जुळवता येईल का? आणि आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी लाइट जाते.

जुना_कॅलिब्रेशनवाला

येईल की, आणि पहिल्यांदा हातानेच करा, समजतं जास्त. स्कोपचा ट्रिगर 1 पीपीएसवर ठेवा आणि दुसऱ्या चॅनेलवर ओसीएक्सओ बघा. लाट डावीकडे सरकत असेल तर ओसीएक्सओ जोरात चाललाय, उजवीकडे तर हळू. एक पूर्ण लाट म्हणजे 100 नॅनोसेकंद, ती सरकायला 100 सेकंद लागले तर चूक 1 पीपीबी (अब्जात एक), म्हणजे 0.01 हर्ट्झ. स्कोपच्या स्वतःच्या 25 पीपीएमच्या टाइमबेसचा इथे काही संबंध येत नाही, कारण तुम्ही लांबी मोजत नाही, नुसतं सरकणं बघताय. 10 टर्नचा प्रीसेट (बारीक फिरवायचा रेझिस्टर) ओसीएक्सओच्या कंट्रोल पिनला, म्हणजे व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी किंचित हलवणाऱ्या पिनला, लावा, आणि त्याला व्होल्टेज ओसीएक्सओच्याच रेफरन्स पिनमधून द्या, ती नसेल तर चांगल्या रेफरन्स आयसीतून, 7805 या साध्या रेग्युलेटरमधून नको.

लाइटचं म्हणाल तर राउटरला लावतात तसा मिनी यूपीएस घ्या, पण तुमच्या ओसीएक्सओसाठी 5 व्होल्टचं आउटपुट असलेला. तापल्यावर ओसीएक्सओ सुरुवातीच्या करंटच्या तिसऱ्या हिश्शावर येतो, दोनेक तास सहज निघतील.

नाशिकचा_सोल्डर

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय. चार दिवस नुसता चालू ठेवला, मग जुळवायला बसलो. सुरुवातीला लाट 40 सेकंदात एका पूर्ण लाटेइतकी सरकत होती म्हणजे अडीच पीपीबी, प्रीसेट केसभर फिरवत फिरवत आता तेवढंच सरकायला पंधरा मिनिटांच्या वर लागतात. जीपीएसमुळे लाट थरथरते, पण डोळ्याने मधला भाग धरता येतो. मग काउंटरला हा रेफरन्स दिला आणि जनरेटर त्याच्या स्वतःच्या क्रिस्टलवर ठेवून मोजला, 10.000006! म्हणजे जनरेटर आपल्या 1 पीपीएमच्या आत प्रामाणिक होता आणि माझा काउंटरच 28 हर्ट्झने मागे होता. इतके दिवस मी जनरेटरवर संशय घेत होतो. पुतण्याचं घड्याळही जुळवलं, आता रोज बघतोय.

एक शेवटचं, काउंटर आणि जनरेटर दोघांना एकाच ओसीएक्सओमधून द्यायचंय, टी-कनेक्टर लावला तर लाट वेडीवाकडी होते.

क्वार्ट्झ_पुणे

मस्त झालंय काम! टी काढून टाका, प्रत्येकाला वेगळा बफर (सिग्नल पुढे देणारा टप्पा) हवा. 74एसी04 या लॉजिक आयसीचे तीन गेट समांतर, प्रत्येकाच्या आउटपुटला 150 ओहम आणि मग तिन्ही एकत्र, म्हणजे 50 ओहमचा सोर्स तयार. एका आयसीत सहा गेट असतात, दोन आउटपुट निघाले. आयसीच्या पायाशीच 0.1 मायक्रोफॅरड लावा, लांब नको. आणि जोडण्याआधी दोन्ही मॅन्युअलमध्ये रेफरन्स इनपुटला किती व्होल्ट चालतात ते बघा, जुन्या काउंटरचा इनपुट कधी कधी नाजूक असतो.