मदत हवी आहे : चिकुनगुनियानंतर आईचे सगळे सांधे धरलेत, आमवात असेल का?

नमस्कार. आई ५८ वर्षांची, वर्ध्याजवळ गावी असते. सप्टेंबरात तिला तीन दिवस सणकून ताप, अंगावर पुरळ आणि उभं राहवेना इतकी सांधेदुखी झाली. रक्तातल्या अँटीबॉडीची आयजीएम तपासणी पॉझिटिव्ह, म्हणजे चिकुनगुनिया. तेव्हा गल्लीत घरटी एक जण तरी पडून होता. बाकीचे महिना-दीड महिन्यात हिंडूफिरू लागले, आईला मात्र आता पाचवा महिना लागलाय.

दोन्ही मनगटं, बोटं, घोटे, गुडघे. डावं-उजवं सारखंच. सकाळी मूठ वळत नाही. कपाचा कान पकडवत नाही म्हणून कप दोन्ही तळव्यांत धरून चहा पिते. दहा वाजेपर्यंत बोटं जरा सुटतात. भाकरी थापणं बंद झालंय. मनगटं इतकी सुजलीत की बांगड्या निघत नाहीत.

ईएसआर, सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) वाढलेले. आरए फॅक्टर (आमवाताची, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसची तपासणी) निगेटिव्ह. युरिक अ‍ॅसिड, थायरॉइड नॉर्मल. तरी जो येतो तो डाळ-टोमॅटो बंद करायला सांगतो. युरिक अ‍ॅसिड नॉर्मल असताना तिच्या ताटातलं का काढायचं?

गावातले डॉक्टर म्हणतात, वयोमानाने होतं. मला हे पटत नाही. झिजेच्या दुखण्यात सकाळचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासात जातो आणि काम केलं की दुखणं वाढतं. आईचं उलटं आहे, हातपाय हलवले की तिला बरं वाटतं.

चिकुनगुनियाचं दुखणं तीन महिन्यांपुढेही रेंगाळतं हे माहीत आहे. पण हे तेच, की त्यानंतर आमवात सुरू झालाय, हे डॉक्टर कशावरून ठरवतात? आरए फॅक्टर निगेटिव्ह असूनही आमवात असू शकतो, मग अँटी-सीसीपी ही आमवाताची दुसरी रक्ततपासणी आत्ताच करून घ्यावी का? हातांचा एक्स-रे पुरतो की सांध्यांची सोनोग्राफी लागते? पुढच्या आठवड्यात तिला नागपूरला संधिवाततज्ज्ञांकडे नेतोय. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी कृपया सांगा, किती महिने लागले आणि कोणत्या औषधाने फरक पडला.

आणखी एक. नात्यातल्या एकांनी बिननावाच्या पुड्या आणून दिल्यात, 'दोन दिवसांत दुखणं गायब' म्हणून. त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असेल या भीतीने मी त्या काढून ठेवल्या. आई कालपासून माझ्याशी बोलत नाही. रात्री कूस बदलताना ती कण्हते, तेव्हा वाटतं मी चुकतोय का?