मदत हवी आहे: बाबांना बी-१२ ची इंजेक्शनं घरीच देतोय, काय काय बघायचं?

बाबा ६९ वर्षांचे, माळकरी. अंडंसुद्धा कधी खाल्लं नाही. शुगरसाठी मेटफॉर्मिन १२ वर्षं चालू, ॲसिडिटीची गोळी रोजची. चार पायऱ्यांत धाप लागायला लागली म्हणून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ६.९, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ११८, बी-१२ शंभरच्या खाली. डॉक्टरांनी १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन एक दिवसाआड लिहून दिलंय. शेजारच्या सिस्टर येऊन देतात, पहिलं काल झालं.

मेडिकलवाला म्हणतो, सोबत फोलिक ॲसिड घ्या, रक्त लवकर भरेल. देऊ का? औषध लालभडक दिसतं, आईला वाटतं खराब झालंय. आणि हो, तोंड धुताना डोळे मिटले की बाबांची झोकांडी जाते. वयामुळे असेल.

मोगरा: बीट, खजूर द्या. माझ्या सासूबाईंना फरक पडला.

निवृत्त सिस्टर: बीट-खजुरात बी-१२ नसतं हो. तुमच्या सासूबाईंना लोह कमी असेल, हा आजार वेगळा.

ताई, झोकांडीचं आधी. ते वय नाही. बी-१२ अभावी मज्जारज्जूतल्या नसा बिघडतात, पाय कुठे पडलाय ते कळत नाही. डोळे उघडे असले की माणूस बघून सावरतो, मिटले की जातो. डॉक्टरांना आजच सांगा. फोलिक ॲसिडची मेख इथेच आहे: नुसतं ते दिलं तर हिमोग्लोबिन वाढतं, रिपोर्ट छान दिसतो आणि नसा आतून बिघडत राहतात. डॉक्टरांनी लिहिलं तरच, तेही बी-१२ सुरू असताना. दुकानदाराच्या सांगण्यावरून नको.

लाल रंग औषधाचाच. उजेड लागू देऊ नका, खोक्यातच ठेवा. इंजेक्शन स्नायूत, शिरेत नाही. सुरुवातीच्या डोसांनंतर सिस्टरना अर्धा तास बसवून घ्या. अंगावर गांधी, ओठ सुजणं, श्वास अडकणं दिसलं तर थेट दवाखाना. छातीत दुखलं तरीही.

बीपीसाठी लघवीची गोळी चालू आहे का? उपचार लागू पडला की नव्या पेशी पोटॅशियम ओढून घेतात, पहिल्या दोन-तीन दिवसांत ते घसरू शकतं. धडधड, पायात गोळे यावर लक्ष ठेवा.

धागाकर्ती: लघवीची गोळी आहे! डॉक्टरांना फोन केला, लगेच तपासायला सांगितलं. पोटॅशियम ३.१ आलं, सिरप सुरू केलंय. नसांसाठी परवा बोलावलंय. फरक कधी दिसेल?

निवृत्त सिस्टर: आठवड्याभरात रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या कोवळ्या लाल पेशी, वाढलेल्या दिसतील. हिमोग्लोबिनला साधारण दोन महिने. नसांना कित्येक महिने लागतात, जुनं नुकसान पूर्ण भरेलच असं नाही. मेटफॉर्मिननेही बी-१२ कमी होतं, पण ते मनाने बंद करू नका. माळ राहू दे, पण बी-१२ पुढे किती दिवस आणि कसं घ्यायचं ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. बरं वाटलं की माणसं सोडतात.

धागाकर्ती: न्हाणीघरात धरायला दांडी बसवायला गवंडी उद्या येतोय. तोवर बाबा तोंड धुताना आई मागे उभी राहते, ते चिडतात.