मदत हवी आहे: जुन्या प्रेसच्या डायलवरचा 'टन' नेमका कोणता?

नमस्कार. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील आमच्या वर्कशॉपमध्ये शिरोलीच्या फौंड्रीतून येणाऱ्या बिडाच्या ब्रॅकेटचे मशीनिंग होते. एका अमेरिकन ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणे प्रत्येक ब्रॅकेटने २,५०० पाउंड-फोर्सचा भार तडा न जाता पेलला पाहिजे. अहवाल मात्र किलोन्यूटनमध्ये द्यायचा आहे. १ पाउंड-फोर्स म्हणजे ४.४४८२२ न्यूटन, म्हणून हा भार ११.१२ किलोन्यूटन, म्हणजेच सुमारे १,१३४ किलोग्रॅम-फोर्स होतो. इथपर्यंत शंका नाही.

अडचण हा भार देणाऱ्या प्रेसची आहे. नेमप्लेटवरची अक्षरे पुसली गेली आहेत आणि डायलवर नुसते 'टन' छापले आहे. मेट्रिक टन-फोर्स ९.८०७ किलोन्यूटनचा, २,२४० पाउंडांचा ब्रिटिश टन ९.९६४ चा आणि २,००० पाउंडांचा अमेरिकन टन ८.८९६ चा. पहिल्या दोघांतला फरक दीड टक्क्याच्या आसपास असल्याने जाड काट्यावर तो डोळ्यांना कळतच नाही. पण डायल अमेरिकन टनाचा निघाला आणि आम्ही मेट्रिक समजून १.१३४ वर थांबलो, तर प्रत्यक्ष भार १०.०९ किलोन्यूटनच पडेल आणि कच्चा ब्रॅकेटही पास होईल. माणसे काम करतात तिथला मोठा पंखा या ब्रॅकेटवर टांगला जाणार असल्याने ही शक्यता मला अजिबात चालण्यासारखी वाटत नाही.

प्रमाणित वजने तरफेवर लावून, रॅमने (प्रेसच्या दाब देणाऱ्या दांड्याने) ती उचलताना डायल काय दाखवतो ते पाहायचे, असा माझा विचार आहे. इथे दुसरा प्रश्न येतो. किलोग्रॅम-फोर्सच्या व्याख्येतील ९.८०६६५ हा आकडा १९०१ पासून ठरलेला आहे, तर कोल्हापुरातील गुरुत्व त्वरण सुमारे ९.७८ आहे, म्हणजे १,००० किलोचे वजन इथे ९.७८ किलोन्यूटनच बल देते. एककांचे रूपांतर करताना ९.८०६६५ घ्यायचे आणि टांगलेल्या वजनाचे बल काढताना स्थानिक मूल्य घ्यायचे, ही माझी समजूत बरोबर आहे का? आयएसओ ७५००-१ या चाचणी यंत्रांच्या बलमापनाच्या मानकातील वर्ग १ मध्ये एक टक्का चूक चालते, तेव्हा पाव टक्क्याची ही दुरुस्ती अहवालात दाखवावी का?

तरफेऐवजी कॅलिब्रेट केलेला प्रूव्हिंग रिंग किंवा लोड सेल (दोन्ही बल मोजणारी साधने) वापरणे अधिक खात्रीचे असेल, तर १५ किलोन्यूटनपर्यंतच्या मापासाठी काय घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.